कुंग फूच्या फॉर्ममधली पकड: नाव काय, वापर कसा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फॉर्म म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका. ती करताना ठोसा दिसतो, लाथ दिसते. पकड मात्र अर्ध्या क्षणात होऊन जाते. हात उघडला, वळला, मिटला आणि कमरेशी आला, एवढंच बघणाऱ्याला कळतं. त्यामुळे शिकणाऱ्यांचे सगळ्यात जास्त प्रश्न पकडीबद्दल असतात: हिला काय म्हणायचं, ही नक्की पकडच आहे का, आणि समोर खरा माणूस असेल तर ती बसेल का. ज्यांना एखादा तरी चिनी फॉर्म येतो, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

हात उघडतो, मुठीत मिटतो आणि कमरेशी येतो. ही पकड की नुसता हात मागे घेणं?

पुष्कळदा पकडच. नवशिक्यांना सगळ्यात आधी शिकवला जाणारा पाच पवित्र्यांचा फॉर्म, वू बू छुआन, घ्या. आपल्याकडच्या वूशू (चिनी मार्शल आर्ट) वर्गांतही अनेकांची सुरुवात यानेच होते. त्याची पहिलीच हालचाल बघा. डावा पाय डावीकडे टाकून धनुष्य-पवित्रा (पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ) घ्यायचा, डावा हात उघड्या पंजाने आडवा डावीकडे न्यायचा, तिथे मिटून मूठ कमरेशी आणायची आणि उजवा ठोसा मारायचा. या डाव्या हाताच्या कामाला चिनीत ‘लोउ’ म्हणतात, म्हणजे कवेत घेत ओढणं.

आता समोर माणूस उभा करा. त्याचा हात तुमच्याकडे येतोय. तुमचा डावा पंजा त्याच्या मनगटाला भिडतो, बोटं मिटतात आणि मूठ कमरेशी येता येता तळहात वर वळतो. मूठ वळली की त्याचा हातही पिळला जातो. त्याच क्षणी उजवा ठोसा निघालेला असतो. म्हणजे तो माणूस ठोशाकडे ओढला जातो, आणि ज्या हाताने अडवायचं तोच हात तुमच्या ताब्यात असतो. खेच आणि ठोसा यांच्यात फट पडली की डाव गेला, कारण तेवढ्यात तो तोल सावरतो. म्हणून फॉर्ममध्ये ‘दोन्ही मुठी एकदम पोचल्या पाहिजेत’ असं सर पुन्हा पुन्हा सांगतात.

ओळखायच्या खुणा तीन. मिटण्याआधी पंजा उघडतो का, मिटताना मनगट वळतं का, आणि अंगाचा भार खाली किंवा मागे जातो का. तिन्ही असतील तर ती पकड समजायला हरकत नाही. हात मूठ बांधूनच निघाला आणि मूठ बांधूनच परतला, तर बहुधा तो नुसता दुसऱ्या ठोशाची तयारी करतोय. सगळ्या मुठींत पकड शोधत बसू नका.

छिन-ना ही वेगळी शैली आहे का?

नाही. ‘छिन’ म्हणजे जेरबंद करणं, ‘ना’ म्हणजे धरून ठेवणं. चिनी मार्शल आर्टमध्ये कौशल्याचे चार भाग मानतात: लाथ, हातांचा मार, पाडणं आणि धरणं. छिन-ना हा चौथा भाग, आणि तो बहुतेक सगळ्या शैलींत थोडाफार असतोच.

ही वाटणी जुनी आहे. चीनच्या मिंग राजवटीतला सेनापती छी जिग्वांग (1528–1588) याने सैनिकांच्या शिक्षणावर लिहिलेल्या ग्रंथात त्या वेळच्या नामांकित लढवय्यांची नावं दिली आहेत. कुणाच्या लाथा, कुणाचं पाडणं, कुणाचे ठोसे, आणि त्यातच ‘गरुडपंजा वांगची पकड’. सोळाव्या शतकात एखादा माणूस केवळ पकडीसाठी ओळखला जात होता, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच ग्रंथात हेही सुचवलंय की यातलं एकेक अंग कितीही उत्तम असलं तरी ते एकच अंग आहे. सगळं जोडून शिकावं.

पुढे छिन-ना स्वतंत्रपणेही शिकवली गेली, ती मुख्यतः पोलिसांना. 1936 साली झेजियांग प्रांतातल्या पोलीस प्रशिक्षणासाठी तिचं पाठ्यपुस्तक निघालं. माणसाला इजा न करता ताब्यात घ्यायचं असेल तर हे कौशल्य कामाचं, हे तेव्हाच ओळखलं गेलं होतं.

अंतर्गत प्रकारही ठाऊक असू द्या: स्नायू आणि कंडरा आवळून वेगळे ओढणं, सांधा जागेवरून हलवणं, श्वास कोंडणं, आणि शिरा-मर्मांवर दाब देणं. फॉर्ममधल्या बहुतेक पकडी पहिल्या दोन प्रकारांत बसतात.

एकाच पकडीला इतकी वेगवेगळी नावं का?

कारण नाव देणारे वेगळे, प्रांत वेगळे, बोली वेगळ्या, आणि लक्षही वेगवेगळ्या गोष्टीकडे. समजा, समोरच्याचं मनगट धरून खाली ओढलं. ताय-चीवाला याला ‘त्साय’ म्हणेल, म्हणजे फळ खुडावं तसं झटक्याने खाली तोडणं. त्यांच्या आठ मूलभूत शक्तींत त्साय एक आहे. विंग चुनवाला ‘लाप साउ’ म्हणेल, ओढणारा हात. शानतुंग प्रांतातल्या मँटिस (पुढचे पाय आकड्यासारखे वाकवणारा कीटक) शैलीचा विद्यार्थी हीच कृती ‘गोउ, लोउ, त्साय’ अशा तीन शब्दांत सांगेल. हुंग गार शैलीत तोच हात वाघाच्या पंजाच्या आकारात असेल आणि नाव वाघाचं असेल.

नावं साधारण तीन जातींची असतात. काही हाताचं काम सांगतात: खुडणे, वेटाळणे, अडकवणे. काही हाताचा आकार सांगतात: वाघाचा पंजा, गरुडाचा पंजा, मँटिसचा आकडा. काही चित्र उभं करतात: भुकेला वाघ मेंढी धरतो, काळा वाघ काळीज चोरतो. शिकताना पहिल्या जातीची नावं सगळ्यात उपयोगी पडतात. पाठांतराला तिसऱ्या जातीची, कारण ती तालात म्हणता येतात आणि अनेक घराण्यांत फॉर्म अशा ओळींच्या साखळीनेच लक्षात ठेवत आले.

शांघायच्या चिंग वू संस्थेची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1910 मध्ये ती स्थापन झाली. तिथे गरुडपंजा शैली छन झझंग शिकवत आणि सप्ततारा मँटिस लुओ ग्वांगयू. संस्थेत सगळ्यांना काही पायाभूत फॉर्म एकत्र शिकावे लागत आणि मग ज्याची त्याची शैली. साहजिकच एकाच फॉर्ममधल्या त्याच हाताकडे गरुडपंजाचा विद्यार्थी एका नजरेने बघे आणि मँटिसचा दुसऱ्या. आज चिंग वूच्या वंशावळीतून आलेले फॉर्म जगभर आहेत. एकाच हालचालीचे दोन उलगडे कानावर आले, तर दोन्ही खरे असण्याची शक्यता मोठी आहे.

‘चिन ना’, ‘छिन ना’, ‘खाम ना’: बरोबर काय?

तिन्ही. मॅंडरिन उच्चार ‘छिन-ना’च्या जवळ जातो. जुन्या रोमन लेखनात तो वेगळ्या तऱ्हेने लिहीत, त्यातून आपल्याकडे ‘चिन ना’ रूढ झालं. ‘खाम ना’ हा कँटोनीज उच्चार. हुंग गार आणि विंग चुन दक्षिणेतल्या कँटोनीज बोलणाऱ्या भागातून आल्या, त्यामुळे त्यांचे शब्द त्या उच्चारात येतात. मँटिस, गरुडपंजा आणि ताय-ची उत्तरेच्या. पिनयिन हे अधिकृत रोमन लेखन चीनने 1958 मध्ये स्वीकारलं, त्याआधीच्या पुस्तकांत स्पेलिंग वेगळंच दिसेल. आपल्या वर्गात जे म्हणतात ते म्हणा, मात्र वहीत लिहिताना शैलीचं नाव सोबत लिहा.

काव्यमय नावावरून डाव ओळखता येतो का?

अर्धाच. ‘काळा वाघ काळीज चोरतो’ ऐकल्यावर छातीवरचा ठोसा कळतो, कारण नावात काळीज आहे. पण दुसऱ्या हाताने समोरच्याचा हात धरून कमरेशी ओढलाय, ही पकड नावात कुठेच नाही. नाव नेहमी डावाच्या चमकदार भागाचं असतं, आणि पकड त्याच्या आधी गुपचूप होऊन गेलेली असते. म्हणून नाव समजलं म्हणजे डाव समजला असं धरू नका. मागची आणि पुढची हालचाल जोडून पाहिल्याशिवाय पकडीचा अर्थ लागत नाही.

1956 मध्ये तयार झालेला ताय-चीचा 24 हालचालींचा फॉर्म बऱ्याच जणांना येतो. त्यात एकोणिसावी हालचाल आहे ‘समुद्रतळाशी सुई’: पुढचा पाय हलका टेकवायचा, खाली झुकायचं आणि उजवा हात बोटं खाली करून सरळ उतरवायचा. नुसतं नाव घेऊन बसलात तर बोटांनी खाली काहीतरी टोचायचंय असं वाटेल, आणि तसा उलगडा करणारेही आहेत. पण तो हात आधी वर येऊन मग उतरतो. समजा, कुणी तुमचं उजवं मनगट धरलंय. हात वर आणताना त्याची पकड ताणली जाते आणि उतरवताना त्याचं अख्खं अंग पुढे खाली येतं. किंवा मनगट तुम्ही धरलंय आणि त्साय करून त्याला खाली आणताय. दोन्ही चालतं. खरा पुरावा विसाव्या हालचालीत आहे. तिथे उजवा हात वर उचलला जातो आणि डावा तळहात पुढे जातो. खाली ओढलेला माणूस सावरण्यासाठी वर उठतो. त्याच्या उठण्याचाच फायदा घेऊन त्याचा हात आणखी वर न्यायचा आणि उघड्या पडलेल्या बरगड्यांवर तळहात मारायचा. एकोणीस आणि विसावी सुटी सुटी शिकवली की दोन्ही पोकळ होतात.

‘चिमणीची शेपटी धरणे’ यात खरंच काही धरायचं असतं का?

ताय-चीच्या यांग शैलीतली ही सगळ्यात प्रसिद्ध हालचाल. तिच्यात अडवणं, मागे वळवून ओढणं, दाबणं आणि ढकलणं अशा चार शक्ती एकामागून एक येतात. धरणं असतं ते दुसऱ्यात: एक हात समोरच्याच्या मनगटावर, दुसरा कोपराच्या वर, आणि कंबर वळवून त्याला आपल्या बाजूने जाऊ द्यायचं. बोटं आवळायची नाहीत. मूठ आवळली की त्याला तुमचा जोर लगेच कळतो आणि तो हात मागे घेतो.

ताय-चीच्याच चन शैलीत याच जागी ‘अंगरखा सैलसर खोचणे’ अशा अर्थाचं नाव आहे. चिनीत दोन्हींचे उच्चार जवळचे आहेत, त्यामुळे तोंडातोंडी नाव बदलत गेलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. मला हे पटतं. म्हणूनच चिमणीच्या शेपटीवरून डाव शोधायला निघू नये, हात काय करतोय ते बघावं.

एखादी पकड पायरीपायरीने समजावून सांगाल का?

‘सोनेरी रेशीम मनगट वेटाळतं’ घेऊ. चिनीत ‘जिन स छान वान’. उत्तरेकडच्या अनेक शैलींत ही सापडते आणि छिन-ना शिकताना ती बहुधा अगदी आधी येते.

जोडीदाराने उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलंय. पहिलं काम डाव्या हाताचं: तळहात त्याच्या पंजाच्या पाठीवर ठेवून तो पंजा तुमच्याच मनगटावर दाबून ठेवायचा. आता त्याला सोडून पळता येत नाही. त्याने धरलं होतं, आता तुम्ही त्याला धरायला लावलंय. दुसरं काम धरलेल्या हाताचं: तो बाहेरून वर वळवायचा, इतका की तुमच्या पंजाची करंगळीकडची कड त्याच्या मनगटावर चढेल. हीच ती ‘वेटाळण्याची’ वळण. तिसरं काम कमरेचं: गुडघे किंचित वाकवून खाली बसत, ती कड त्याच्या नाभीच्या दिशेने खाली उतरवायची. त्याचा कोपर वाकलेला आणि मनगट वळून अडकलेलं असलं की गुडघे आपोआप खाली येतात.

चुकतं कुठे? सगळ्यात जास्त पहिल्या कामात. डावा हात सैल पडला की जोडीदार सहज सुटतो, आणि मग आपण ताकद लावायला लागतो. दुसरी चूक, हाताने दाबणं. खांदा वर उचलून दाबणाऱ्याची पकड दोन बोटांनी अडवता येते. खाली बसणाऱ्याची येत नाही. तिसरी, जोडीदाराचा हात सरळ ताणलेला असताना वेटाळायला जाणं. त्याचा कोपर वाकलेला हवा, म्हणून अर्धं पाऊल त्याच्याकडे सरका.

ही पकड फार लवकर दुखते. जोडीदाराने थाप मारली (‘थांब’ अशी खूण) की त्याच क्षणी सोडायची, ‘जरा बघू दे’ करायचं नाही.

आता तुमच्या फॉर्ममध्ये अशी जागा शोधा जिथे एक तळहात दुसऱ्या मनगटावर टेकतो आणि खालचा हात छोटं वर्तुळ काढून मूठ होतो. बऱ्याच फॉर्ममध्ये ती असते आणि बरेच जण ती शोभेची हालचाल समजून पुढे जातात.

मँटिसचा ‘गोउ, लोउ, त्साय’ नेमका कसा?

मँटिस शैलीत बारा कळीचे शब्द आहेत, त्यातले हे पहिले तीन. प्रचलित उलगडा असा: ठोसा येतो, पुढचा हात आकड्यासारखा मनगटावर अडकून तो बाजूला नेतो, हा गोउ. दुसरा हात खालून येऊन तेच मनगट ताब्यात घेतो, हा लोउ. मोकळा झालेला पहिला हात कोपराजवळ बसतो आणि दोन्ही मिळून खाली खेचतात, हा त्साय. मग ठोसा. सांगायला वेळ लागतो. करताना तिन्ही एका श्वासात होतात.

या शैलीच्या नावांचं मला कौतुक वाटतं. तीन क्रियापदं म्हटली की डावाची कृती हातात येते, चित्र रंगवावं लागत नाही. आकड्याचा आकारही कामाचा आहे: अंगठा आणि पुढची बोटं टोकाला जमलेली, मनगट वाकलेलं, त्यामुळे पूर्ण मूठ न वळताही हात अडकतो.

ताय-चीतल्या ‘एकेरी चाबूक’मधला आकडा पकड आहे का?

तिथे बोटं गोळा होऊन खाली झुकतात. काहींच्या मते मनगट अडकवून बाजूला नेणं, काहींच्या मते मनगटाच्या पाठीने मार, काहींच्या मते पकडीचा शेवट. मी शिकवताना आधी अडकवणं शिकवतो, कारण दुसरा तळहात त्याच वेळी पुढे जात असतो आणि दोन्ही हातांना काम मिळतं.

गरुडपंजासाठी बोटं मजबूत कशी करायची?

पारंपरिक साधन म्हणजे मातीचा रांजण. त्याचा काठ बोटांनी धरून उचलायचा, धरून चालायचं आणि दिवसागणिक त्यात थोडी थोडी वाळू वाढवायची. वाळूची पिशवी हवेत फेकून पंजाने झेलणं हाही जुना सराव. काठ्यांची जुडी धरून पिळणं, दोरीला वजन बांधून दांडक्यावर गुंडाळणं हे घरी सहज जमतं.

घाई नको. बोटांना हलवणारे स्नायू पुढच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी बोटांना जोडलेले असतात. स्नायू लवकर वाढतो, कंडरा सावकाश. पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढल्यासारखा वाटतो आणि लोक वजन एकदम वाढवतात; नेमकं तेव्हाच कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू होतं. सरावानंतर बोटं उलट दिशेने उघडण्याचा व्यायाम करा, पाण्यात किंवा रबरबँड लावून. औषधी दारूचा लेप, ज्याला कँटोनीजमध्ये ‘तित दा जाउ’ म्हणतात, चोळायची परंपरा आहे. तो पोटात घ्यायचा नसतो आणि उघड्या जखमेवर लावायचा नसतो.

शेवटी, ज्याला कुठे धरायचं ते कळतं त्याला बोटांचा जोर कमी लागतो. मनगटाच्या हाडांच्या उंचवट्यांवर धरलंत तर हात घसरेल. उंचवट्यांच्या लगेच वर, जिथे हात बारीक होतो, तिथे धरा.

विंग चुनमध्ये लाप साउ करताना अंगठा गुंडाळायचा की नाही?

दोन्ही शाळा आहेत. अनेक शिक्षक अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायला सांगतात, म्हणजे हात आकड्यासारखा अडकतो आणि लगेच सुटतो. विंग चुनमध्ये अंतर फार कमी असतं, धरलेला हात तुमचाही हात अडकवून ठेवतो. अंगठा गुंडाळला की खेच भक्कम होते, पण सोडायला उशीर होतो. शिवाय कुठल्याही पकडीतला कच्चा दुवा अंगठाच. सुटणारा माणूस अंगठा आणि बोटं यांच्या फटीतून हात काढतो. माझं मत, खेचून लगेच मारायचं असेल तर अंगठा बाजूला, पिळून ताब्यात ठेवायचं असेल तर गुंडाळून.

येणारा ठोसा हवेत पकडता येतो का?

झपाट्याने आलेला आणि तितक्याच झपाट्याने परतणारा ठोसा, नाही. फॉर्ममध्ये तसं दिसतं, कारण तिथे समोर कुणी नसतं आणि हात एका लयीत चालतो. प्रत्यक्षात आधी हाताला हात लागतो. अडवताना, ढकलताना, कपडे धरले गेल्यावर, भिंतीशी अडकल्यावर. तो स्पर्श टिकला की मगच पकडीची वेळ येते. दक्षिणेच्या शैलींत या हात-भिडण्याला ‘पूल’ म्हणतात. विंग चुनचा ची साउ आणि ताय-चीचा थुइ शोउ हे दोन्ही सराव याच क्षणासाठी आहेत: डोळ्यांनी नाही, कातडीने ओळखायचं की समोरचा हात ढकलतोय, ओढतोय की रिकामा पडलाय.

ढकलणारा हात ओढायला सोपा, ओढणारा हात ढकलायला. हे न बघता पकड लादायला गेलात तर ती ताकदीची मारामारी होते आणि जड माणूस जिंकतो.

वर्गात पकड बसते, पण जोडीदाराने जोर लावला की बसत नाही. काय करावं?

जोडीदाराला ठाऊक असतं काय येणार आहे, म्हणून तो नेमका तिथेच ताठ होतो. तेव्हा दोन गोष्टी करा. एक, पकडीआधी मार दाखवा. चेहऱ्याकडे गेलेला हात, नडगीला टेकलेला पाय. क्षणभर लक्ष उडालं की मनगट मऊ पडतं. फॉर्ममध्येही पकडीच्या आधी किंवा सोबत मार असतोच, तो आपणच वगळलेला असतो. दोन, दिशा बदला. एका बाजूला तो ताठ झाला की विरुद्ध बाजूला मोकळा असतो. पकड ही एकेकटी शिकू नये. वर जाणारी आणि खाली जाणारी अशा जोडीने शिकावी.

याला चिनीत ‘छाय जाओ’ म्हणतात, डाव सोडवून बघणं. जोडीदार बदलत राहा. उंच, बुटका, घामट हाताचा, जाड मनगटाचा. एकाच मित्रावर बसणारी पकड अजून तुमची झालेली नाही.

आमच्या सरांनी पकडीचं नावच सांगितलेलं नाही. आम्ही काय म्हणावं?

आधी सरांनाच विचारा, आणि वर्ग संपल्यावर, निवांत. काही घराण्यांत नावं उशिरा सांगतात, काहींत ती एका पिढीत हरवलेली असतात. नाव नसेल तर कृतीवरून स्वतःची नोंद करा: कुठला हात, काय धरलं, कुठल्या दिशेने नेलं, मग काय केलं. ‘डाव्या हाताने बाहेरून मनगट, कमरेशी खेच, उजवा ठोसा.’ जरा लांबट वाटेल, पण दहा वर्षांनी वाचलं तरी डाव उभा राहील. इंटरनेटवर सापडलेलं भारदस्त चिनी नाव चिकटवू नका. दुसऱ्या घराण्याच्या नावासोबत त्यांचा उलगडाही येतो आणि तुमचा फॉर्म गढूळ होतो.

आपल्या कुस्तीत बघा. ढाक, कलाजंग, धोबीपछाड म्हटलं की कोल्हापूरचा पैलवान आणि पुण्याचा पैलवान एकच डाव करून दाखवतात. कारण ते डाव रोज मातीत लागतात आणि रोज त्यांची तोड निघते. वापराने नाव पक्कं राहतं. कुंग फूतली जी नावं जोडीच्या सरावातून गेली, ती अशीच नेमकी राहिली. जी फक्त एकट्याच्या फॉर्ममध्ये राहिली, त्यांचे दहा अर्थ झाले.

स्पर्धेत या पकडी चालतात का?

ताओलू म्हणजे फॉर्मच्या स्पर्धेत त्या हालचाल म्हणून दिसतात, गुण मात्र पवित्रा, वेग, उडी, तोल यांना. सांदामध्ये, म्हणजे वूशूच्या प्रत्यक्ष लढतीत, ठोसे, लाथा आणि पाडणं चालतं; सांधे मुरगळणं आणि गळा आवळणं चालत नाही. लाथ मारणाऱ्याचा पाय धरून त्याला पाडणं मात्र सांदात सर्रास दिसतं, आणि पकडीची वेळ कशी साधायची हे बघायला ते उत्तम आहे.

मुलांना शिकवावं का?

सुटका शिकवा. मनगट धरलं तर अंगठ्याच्या फटीकडून कसं सुटायचं, हे मुलांना लवकर जमतं आणि त्यांच्या कामाचं आहे. सांधा मुरगळणाऱ्या पकडी नकोत. वाढत्या हाडांच्या टोकांना मऊ वाढथर असतात, पिळणं आणि झटके त्यांना सोसत नाहीत. मुलांना थाप मारल्यावर थांबण्याचं भानही कमी असतं.

रस्त्यावर वापरली तर?

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क त्यात नाही. पकडीत ताबा मिळाल्यावरही मनगट मोडलंत, तर ते बचावात बसवणं अवघड जाईल. सुटून निघून जाता येत असेल तर निघून जा.

सरावात मनगट दुखावलं, काय करायचं?

लगेच थांबा. बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावा, हात उंच ठेवा, त्या दिवशी चोळू नका. अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीकडच्या खळग्यात दाबून दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. तिथलं छोटं हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसत नाही आणि दुखणं साध्या मुरगळण्यासारखं वाटतं. बोटांना मुंग्या येत असतील किंवा करंगळी बधिर झाली असेल तर वाट बघू नका. बरं होईपर्यंत फॉर्म करा, दुखरा हात मात्र मुठीत न मिटता उघडाच चालवा.